व्हीएमवेअर सोडताय? हायपरवायझरआधी स्टोरेज ठरवा, आणि या चुका टाळा

एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर (व्हीएम) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात. त्यातलं प्रसिद्ध नाव व्हीएमवेअर. ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ही कंपनी ताब्यात घेतली आणि डिसेंबरातच कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली. आता मिळते ती वर्गणी, तीही कोअरवर मोजलेली. प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअरचे पैसे भरावे लागतात. ८ कोअरचे दोन प्रोसेसर असलेले तीन सर्व्हर तुमच्याकडे असतील तर प्रत्यक्षात कोअर ४८ आहेत, बिल मात्र ९६ कोअरचं येतं. त्यातच व्हीस्फिअर या व्हीएमवेअरच्या मुख्य उत्पादनाच्या आवृत्ती ७चा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ला संपला. ८चा सपोर्ट ११ ऑक्टोबर २०२७पर्यंत आहे.

त्यामुळे तीन ते आठ होस्ट (व्हीएम चालवणारे प्रत्यक्ष सर्व्हर) आणि तीस ते दीडशे व्हीएम चालवणाऱ्या कंपन्या, बँका, हॉस्पिटलं आणि कारखाने पर्याय शोधत आहेत. चर्चा मात्र बहुतेक ठिकाणी एकाच प्रश्नाभोवती फिरते: प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही की न्यूटॅनिक्स? आमचं म्हणणं असं की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न डेटा कुठे राहणार हा. हायपरवायझरची निवड थोडी कमीअधिक झाली तर निभावतं. स्टोरेजचा आराखडा चुकला तर सहा महिन्यांनी, ऐन महिनाअखेरीला, सगळा डोलारा बसतो. म्हणून इथल्या बऱ्याच चुका स्टोरेजच्या आहेत. उदाहरणं मुख्यतः प्रॉक्समॉक्सची घेतली आहेत, कारण लहान-मध्यम सेटअपमध्ये आज सर्वाधिक विचारणा त्याची होते.

फक्त परवान्याची किंमत बघून निवड करणं

कोटेशनच्या तक्त्यात परवान्याचा एकच रकाना असेल तर तो तक्ता बाजूला ठेवा. प्रत्येक पर्याय आपल्यासोबत स्टोरेजची एक पद्धत घेऊन येतो आणि खरा खर्च तिथे लपतो.

न्यूटॅनिक्समध्ये प्रत्येक नोडवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या प्रत्येक सर्व्हरवर, स्टोरेज सांभाळणारी एक कंट्रोलर व्हीएम चालते. ती साधारण २० ते ३२ जीबी मेमरी खाते, कधी त्याहून जास्त. नोडची मेमरी ठरवताना ती आधीच वजा करा. पूर्वी न्यूटॅनिक्स म्हणजे त्यांचंच स्टोरेज असं समीकरण होतं. आता वेगळी स्टोरेज यंत्रं, म्हणजे बाहेरचे अ‍ॅरेही त्यात येऊ लागले आहेत: डेलचं पॉवरफ्लेक्स, आणि मे २०२५मध्ये जाहीर झालेली प्युअर स्टोरेजबरोबरची जोडणी. तुमचा अ‍ॅरे या यादीत आहे का, नेमकं कोणतं मॉडेल चालतं, हे लेखी मागून घ्या. हायपर-व्हीमध्ये विंडोज सर्व्हर डेटासेंटरचा परवाना आधीच असेल तर हिशोब चांगला बसतो. मात्र तिथेही सर्व्हरमागे किमान १६ कोअरचा नियम आहेच. एचपीईचं व्हीएम इसेन्शियल्स आणि रेड हॅटचं ओपनशिफ्ट व्हर्च्युअलायझेशन हे दोन्ही पर्याय केव्हीएम या लिनक्समधल्या हायपरवायझरवर उभे आहेत. यातलं ओपनशिफ्ट कंटेनरची टीम नसलेल्या ठिकाणी झेपत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

व्हीएमवेअरमध्येच राहायचं ठरलं तरी स्टोरेजचा प्रश्न सुटत नाही. ९ या आवृत्तीपासून व्हीव्हॉल्स ही (प्रत्येक व्हीएम डिस्कला अ‍ॅरेवर वेगळा व्हॉल्यूम देणारी) पद्धत निवृत्तीच्या मार्गाला लावली आहे. ज्यांनी अ‍ॅरे व्हीव्हॉल्सवर बसवला आहे, त्यांनी व्हीएमएफएस (व्हीएमवेअरची फाइलप्रणाली) किंवा एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइली देणारी पद्धत) परतायचं वेळापत्रक आत्ताच आखावं.

आणखी एक गोष्ट हिशोबात धरा. २०२५च्या उत्तरार्धापासून मेमरी आणि फ्लॅश या दोन्हींचे भाव चढले आहेत, कारण एआयच्या डेटा सेंटरांची मागणी. ‘नवे नोड घेऊन टाकू’ हे वाक्य दोन वर्षांपूर्वीइतकं स्वस्त राहिलेलं नाही. हातात तीन-चार वर्षांचा सपोर्ट शिल्लक असलेला अ‍ॅरे असेल तर तो टाकून देण्याआधी दोनदा विचार करा.

मोजमाप न करता क्षमता ठरवणं

आरव्हीटूल्स हे व्हीएमवेअरची माहिती गोळा करणारं साधन चालवून व्हीएमची यादी काढणं ही सुरुवात झाली. त्या यादीत डिस्कचा दिलेला आकार आणि प्रत्यक्ष वापर हे दोन वेगळे आकडे असतात. दोन्ही लागतात, कारण पुढे दिसेल तसं काही स्टोरेज दिलेला आकार अख्खा अडवून ठेवतं.

पण जागेपेक्षा वेग महत्त्वाचा. निदान एक महिनाअखेर आणि एक पूर्ण बॅकअपची रात्र पकडून डिस्कवरचे वाचन-लेखनाचे आकडे आणि लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा वेळ) नोंदवा. सरासरीवर जाऊ नका. ९५ टक्के वेळ ज्याच्या खाली राहतो तो आकडा घ्या, आणि सगळ्यात उंच टोकही बघा. ईएसएक्सआय हा व्हीएमवेअरचा हायपरवायझर. त्याच्या ईएसएक्सटॉप या साधनामध्ये डीएव्हीजी हा रकाना अ‍ॅरेकडून होणारा उशीर दाखवतो आणि केएव्हीजी हायपरवायझरमधला. डीएव्हीजी आजच २० मिलिसेकंदांच्या वर जात असेल तर हायपरवायझर बदलून काहीही सुधारणार नाही.

अ‍ॅरे विकणारे चारास एक, पाचास एक असं डेटा आटवण्याचं प्रमाण सांगतात. तुमच्याकडे एन्क्रिप्ट केलेला डेटाबेस, सीसीटीव्ही फुटेज, एक्स-रे-स्कॅनच्या आधीच कॉम्प्रेस झालेल्या प्रतिमा किंवा बॅकअपच्या फाइली असतील तर त्यावर हे प्रमाण जवळपास एकास एक येतं. असा डेटा वेगळा मोजून विक्रेत्याला द्या, आणि हमी कोणत्या डेटावर आहे व ती पाळली गेली नाही तर जादा डिस्क फुकट मिळणार का, हे करारात लिहून घ्या.

जुना सॅन ‘जसाच्या तसा जोडू’ असं समजणं

सगळ्यात जास्त डेटा इथे धोक्यात येतो, म्हणून थोडं सविस्तर. सॅन म्हणजे सर्व्हर आणि अ‍ॅरे जोडणारं स्टोरेजचं नेटवर्क.

अ‍ॅरेवरचे तुमचे लन, म्हणजे सर्व्हरना डिस्क म्हणून दिलेले भाग, व्हीएमएफएसने फॉरमॅट केलेले आहेत. प्रॉक्समॉक्समध्ये त्या लनवर थेट व्हीएम चालवता येत नाहीत. म्हणजे जागेवरच्या जागेवर बदल होत नाही, डेटा हलवावाच लागतो. त्यासाठी अ‍ॅरेवर मोकळी जागा हवी. निदान सर्वात मोठ्या डेटास्टोअरइतकी (डेटास्टोअर म्हणजे व्हीएमवेअरमध्ये व्हीएम ठेवायची जागा) तरी असावी. काम या क्रमाने करा: नवा लन तयार करून तो फक्त नव्या होस्टना दाखवा, एका डेटास्टोअरमधल्या व्हीएम त्यावर आणा, जुना डेटास्टोअर पूर्ण रिकामा झाला की ईएसएक्सआयमधून अनमाउंट आणि मग डिटॅच करा, अ‍ॅरेवर त्याचं मॅपिंग काढा, आणि मगच तो लन पुसून नव्या बाजूला द्या.

सोय म्हणून तोच लन दोन्ही बाजूंना दाखवून ठेवणं हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. प्रॉक्समॉक्सच्या डिस्कच्या यादीत तो ‘रिकामा’ वाटतो, कोणीतरी त्यावर एलव्हीएम (लिनक्सची डिस्क वाटण्याची पद्धत) बनवतं, आणि चालू व्हीएम असलेला डेटास्टोअर गेला. लन ओळखायची खूण सोपी आहे. ईएसएक्सआयमध्ये ज्याचं नाव एनएए आणि पुढे ६०० ने सुरू होणारा लांब क्रमांक असं दिसतं, तोच क्रमांक लिनक्सच्या मल्टिपाथमध्ये (एका लनकडे जाणारे अनेक मार्ग एकत्र धरणारी सोय) सुरुवातीला ३ लागून ३६०० ने सुरू होतो. पुसण्याआधी शेवटचे आठ अंक दोघांनी मोठ्याने वाचून जुळवा. आकारावरून लन ओळखू नका. दोन टीबीचे चार लन सगळ्यांकडे असतात.

आता नव्या लनवर काय बसवायचं? आय-स्कझी किंवा फायबर चॅनेल या अ‍ॅरे जोडण्याच्या पद्धतींवर प्रॉक्समॉक्सचा रुळलेला मार्ग म्हणजे साधं, जाड एलव्हीएम. ते सगळ्या नोडमध्ये सामायिक चालतं. त्याच्या दोन मर्यादा आधीच माहीत हव्यात. पहिली, ५०० जीबीची डिस्क दिली की आत ८० जीबीच डेटा असला तरी एलव्हीएममध्ये ५०० जीबी अडकतात. अ‍ॅरे थिन (लिहिलं तेवढीच जागा वापरणारा) असेल तर प्रत्यक्ष जागा वाचते, पण व्हॉल्यूम ग्रुपचा आकार मात्र पूर्ण बेरजेइतका ठेवावा लागतो. दुसरी, यावर स्नॅपशॉट (मागे परतण्यासाठी त्या क्षणाची नोंद) मिळत नव्हते. ऑगस्ट २०२५मधल्या ९.० आवृत्तीत ही सोय आली, पण प्रायोगिक म्हणून. पॅचिंगआधी रोज स्नॅपशॉट घेण्याची सवय असलेल्या टीमला हे शेवटच्या दिवशी कळू देऊ नका. अ‍ॅरे एनएफएस देत असेल तर क्यूकाऊ२ या फाइलप्रकारातल्या डिस्कसह एनएफएस वापरा. त्यात स्नॅपशॉटही आहेत आणि थिनही आहे.

‘थिन हवं’ म्हणून सामायिक लनवर एलव्हीएम-थिन बसवणं ही तर थेट डेटा गमावण्याची वाट. एलव्हीएम-थिनचा हिशोब एकाच नोडने सांभाळायचा असतो. दोन नोडनी एकाच थिन पूलमध्ये लिहिलं की पूल बिघडतो, आणि तो दुरुस्त होईलच याची खात्री नाही. एलव्हीएम-थिन फक्त नोडच्या आतल्या डिस्कसाठी.

मल्टिपाथचं असंच. ईएसएक्सआयमध्ये ते आपोआप चालतं, त्यामुळे कोणाच्या लक्षातच नसतं. प्रॉक्समॉक्समध्ये मल्टिपाथ-टूल्स हे पॅकेज वेगळं बसवावं लागतं, प्रत्येक लनचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी (वर सांगितलेला ओळख क्रमांक) नोंदवावा लागतो आणि अ‍ॅरेच्या उत्पादकाने लिनक्ससाठी दिलेल्या सेटिंग भराव्या लागतात. हे राहून गेलं तर एकच लन चार वेगळ्या डिस्क म्हणून दिसतो आणि एलव्हीएम ‘डुप्लिकेट पीव्ही’, म्हणजे तीच डिस्क पुन्हा दिसते, अशी तक्रार करतं. ती तक्रार दिसली की पुढे एकही पाऊल टाकू नका. आधी मल्टिपाथ दुरुस्त करा, मग एलव्हीएमच्या फिल्टरमध्ये फक्त मल्टिपाथची उपकरणं राहतील असं करा. दोन कंट्रोलर आणि प्रत्येकाचे दोन पोर्ट असतील तर प्रत्येक लनखाली चार मार्ग दिसले पाहिजेत, प्रत्येक नोडवर. मग चालू लेखन सुरू ठेवून एक केबल काढा, आणि नंतर एक कंट्रोलर रीस्टार्ट करून बघा. काही सेकंद थबकून काम पुढे चाललं पाहिजे. ही चाचणी खऱ्या कामकाजाचा डेटा येण्याआधीच करायची.

सेफची जागा चुकीची मोजणं

अ‍ॅरे नको, नोडमधल्याच डिस्क एकत्र करू, असं ठरलं की प्रॉक्समॉक्समध्ये सेफ हे स्टोरेज येतं. उत्तम आहे, पण त्याचा हिशोब फार लोक चुकवतात.

उदाहरण घ्या. तीन नोड, प्रत्येकात ३.८४ टीबीच्या चार एसएसडी. एकूण ४६.०८ टीबी. प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती, म्हणून १५.३६ टीबी उरतात. पडद्यावर ते १३.९७ टिबीबाइट दिसतं, कारण डिस्कवाले हजाराने मोजतात आणि प्रणाली १०२४ने. इथपर्यंत सगळे येतात आणि ‘१४ टीबी मिळाले’ म्हणून थांबतात.

आता एक डिस्क मेली असं धरा. तीन नोड आणि तीन प्रती म्हणजे प्रत्येक नोडवर एक प्रत हवीच. त्यामुळे मेलेल्या डिस्कवरचा डेटा दुसऱ्या नोडवर जाऊ शकत नाही. तो त्याच नोडच्या उरलेल्या तीन डिस्कवर बसवावा लागतो. डिस्क ६५ टक्के भरलेल्या असतील तर त्या ८६.७ टक्क्यांवर जातात. सेफ ८५ टक्क्यांना धोक्याची सूचना देतं, ९० टक्क्यांना त्या डिस्कवर डेटा भरून काढणं थांबवतं आणि ९५ टक्क्यांना लेखन बंद करतं. ७२ टक्के भरलेल्या असत्या तर आकडा ९६ येतो. प्रत्यक्षात ९० टक्क्यांनाच दुरुस्ती अडते आणि क्लस्टर अपुऱ्या प्रतींवर लटकत राहतो. डेटाचं वाटप सगळ्या डिस्कवर अगदी समान कधीच नसतं, हेही लक्षात घ्या. म्हणून या रचनेत वापर ६० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. म्हणजे १४ नव्हे, साधारण ८.४ टिबीबाइट. चौथा नोड घेतला तर चित्र बदलतं, कारण एक अख्खा नोड गेला तरी तीन प्रती पुन्हा उभ्या राहायला जागा असते. बजेट असेल तर चार किंवा पाच नोडपासून सुरुवात करावी असा आमचा आग्रह आहे.

जागा कमी पडते म्हणून प्रती दोनवर आणणं आणि किमान एक प्रत असली तरी लेखन चालू ठेवणं, हा मोह टाळा. एक नोड अपडेटसाठी बंद असताना दुसऱ्यातली डिस्क गेली तर डेटा गेला. तीन प्रती, किमान दोन, हे मूळ सेटिंग तसंच ठेवा.

सेफच्या प्रत्येक डिस्कमागे चालणारी प्रक्रिया मूळ सेटिंगनुसार ४ जिबीबाइट मेमरीचं लक्ष्य धरते. चार डिस्क असलेल्या नोडवर १६ जिबीबाइट तिथेच गेले, आणि दुरुस्तीच्या वेळी त्याहून जास्त. नेटवर्क १० गिगाबिटच्या खाली चालणार नाही. एनव्हीएमई डिस्क असतील तर २५ घ्या, नाहीतर डिस्क रिकाम्या बसून राहतात आणि केबल तुंबते.

रेड कार्ड आणि स्वस्त एसएसडी

सेफ किंवा झेडएफएसखाली (नोडच्या आतल्या डिस्क सांभाळणारी फाइलप्रणाली) हार्डवेअर रेड, म्हणजे डिस्क एकत्र करणारं कार्ड, ठेवू नका. दोघांनाही डिस्क थेट दिसायला हवी, म्हणून कंट्रोलर एचबीए किंवा आयटी मोडमध्ये हवा. प्रत्येक डिस्कचं वेगळं ‘रेड शून्य’ करून देणं म्हणजे एचबीए मोड नव्हे. कार्डाची कॅश मध्येच राहते, डिस्कच्या आरोग्याची माहिती नीट येत नाही, आणि डिस्क बदलताना कार्डात शिरून पुन्हा व्हॉल्यूम बनवावा लागतो.

एसएसडी घेताना एकच गोष्ट विचारा: वीज गेल्यावर आतला डेटा वाचवणारे कपॅसिटर, म्हणजे पॉवर लॉस प्रोटेक्शन, आहे का? हे फक्त वीज जाण्यापुरतं नाही. सेफ आणि डेटाबेस प्रत्येक लेखनानंतर ‘खरंच लिहिलं का’ अशी खात्री मागतात. संरक्षण असलेली डिस्क लगेच हो म्हणते. डेस्कटॉपची डिस्क प्रत्येक वेळी फ्लॅशपर्यंत लिहून मग उत्तर देते आणि जाहिरातीतला सेकंदाला लाखो लेखनांचा आकडा काहीशेवर येतो. घेण्याआधी एक नमुना मागवा आणि एफआयओ या साधनाने ४ केबीचे ब्लॉक, क्यू डेप्थ १ (एका वेळी एकच विनंती), सिंक लेखन, ६० सेकंद अशी चाचणी लावा. चाचणी डिस्कवर थेट लिहिते, त्यामुळे रिकाम्या डिस्कवरच.

झेडएफएसबद्दल दोनच मुद्दे. व्हीएमसाठी मिरर (डिस्कची हुबेहूब जोडप्रत) वापरा, रेडझेड (हरवलेला डेटा परत काढणाऱ्या पॅरिटीवर चालणारी रचना) नको. सहा डिस्कच्या रेडझेड२वर ४ केबी सेक्टर आणि ८ केबी ब्लॉक असेल तर ८ केबी डेटाला २४ केबी जागा लागते, कारण दोन सेक्टर डेटा, दोन पॅरिटी आणि वर भरणीचे दोन. ब्लॉक १६ केबी ठेवला तर त्याच २४ केबीत दुप्पट डेटा बसतो. जुन्या आवृत्तीत मूळ सेटिंग ८ केबी होतं आणि डिस्क तयार झाल्यावर ते बदलता येत नाही. दुसरा मुद्दा, झेडएफएसचं रेप्लिकेशन (दुसऱ्या नोडवर प्रत पाठवणं) मूळ सेटिंगनुसार दर १५ मिनिटांनी चालतं. होस्ट जळाला तर मधली १५ मिनिटं गेली. लेखा विभागाला हे आधी सांगा आणि मान्य करून घ्या.

क्लस्टरची बोलणी आणि डेटा एकाच तारेवर

प्रॉक्समॉक्सचे नोड एकमेकांशी कोरोसिंक या प्रोग्रॅममार्फत बोलतात. त्याला वेग लागत नाही, लेटन्सी मात्र ५ मिलिसेकंदांच्या आत हवी. हीच वाहतूक सेफच्या किंवा बॅकअपच्या तारेवरून नेली की रात्री बॅकअप सुरू होताच संदेश उशिरा पोचतात, नोडला वाटतं आपण एकटे पडलो, आणि एचएखाली (नोड पडला तर व्हीएम दुसरीकडे आपोआप सुरू करणारी सोय) व्हीएम असतील तर सुमारे ६० सेकंदांत तो स्वतःला रीस्टार्ट करतो. सगळ्याच नोडचं असं झालं तर पूर्ण क्लस्टर एकदम खाली. बाहेरून हे वीज गेल्यासारखं दिसतं आणि लोक यूपीएस तपासत बसतात. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक नोडचा एक १ गिगाबिट पोर्ट आणि एक छोटा वेगळा स्विच फक्त कोरोसिंकसाठी, आणि दुसरा मार्ग राखीव.

दोनच नोड असतील तर तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस लावा. ते या दोन्ही नोडच्या बाहेर, वेगळ्या यंत्रावर हवं.

जंबो फ्रेम (मोठी नेटवर्क पाकिटं) वापरायच्या तर वाटेतल्या प्रत्येक पोर्टवर एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, ९००० हवा. एक स्विच १५०० वर राहिला तर फसवं लक्षण दिसतं: लॉगिन होतं, लन दिसतो, पण मोठी कॉपी अडकते. तपासायला ८९७२ बाइटचा पिंग, तुकडे न करण्याच्या पर्यायासह, दोन्ही दिशांनी पाठवा.

व्हीएम हलवताना

एप्रिल २०२४च्या ८.२ आवृत्तीपासून प्रॉक्समॉक्समध्ये ईएसएक्सआयवरून थेट आयात करण्याचा विझार्ड आहे. तो चांगला आहे, पण त्याच्या अटी आहेत. व्हीसॅनवरच्या (व्हीएमवेअरचं होस्टमधल्या डिस्क जोडून केलेलं स्टोरेज) डिस्क तो आणू शकत नाही, त्या आधी दुसऱ्या डेटास्टोअरवर हलवा. व्हीसेंटर या व्यवस्थापन सर्व्हरमार्फत जोडलं तर वेग पडतो, म्हणून होस्टचाच पत्ता द्या. जुने स्नॅपशॉट आधी मिटवून एकत्र करा. ‘लाइव्ह इम्पोर्ट’, म्हणजे आयात चालू असतानाच व्हीएम सुरू करणं, लहान, बिनमहत्त्वाच्या व्हीएमसाठी ठीक आहे. मध्येच नेटवर्क तुटलं तर आयात सुरू झाल्यापासून लिहिलेलं सगळं जातं, त्यामुळे डेटाबेस नेहमी बंद करूनच हलवा.

विंडोजसाठी हा क्रम पाळा:

१. आयपी, गेटवे, डीएनएस लिहून ठेवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर रिकव्हरी की हाताशी घ्या आणि ते स्थगित करा, कारण त्याची किल्ली सांभाळणाऱ्या व्हर्च्युअल टीपीएमची स्थिती सोबत येत नाही.
२. व्हीएमच्या आत बसवलेली व्हीएमवेअर टूल्स जुन्या जागीच काढून टाका, कन्सोलवरून, कारण त्याबरोबर नेटवर्कचा ड्रायव्हरही जातो. हलवल्यानंतर ते काढायला गेलं तर काढणारा प्रोग्रॅमच नकार देतो.
३. मूळ व्हीएम ईएफआयने बूट होत असेल तर नवीला ओव्हीएमएफ हे बूट फर्मवेअर द्या, नाहीतर सीबायोस.
४. पहिल्यांदा डिस्क साटा म्हणून लावून बूट करा. सोबत १ जीबीची एक रिकामी व्हर्टआयओ (केव्हीएमची वेगवान आभासी उपकरणं) स्कझी डिस्क जोडा आणि व्हर्टआयओचे ड्रायव्हर बसवा.
५. बंद करा, रिकामी डिस्क काढा, मूळ डिस्क स्कझीवर न्या, बूट ऑर्डर दुरुस्त करा.

चौथी पायरी गाळली की निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. घाबरू नका, डेटा शाबूत असतो. साटावर परत या आणि पायरी पूर्ण करा.

रेड हॅट कुळातलं लिनक्स डिस्क न सापडून ड्रेकटच्या (बूटची सुरुवातीची फाइल, इनिट्रॅमएफएस, बनवणारं साधन) आपत्कालीन शेलमध्ये अडकलं तर ग्रब या बूट मेनूच्या यादीतला रेस्क्यू कर्नल निवडा. त्यात सगळे ड्रायव्हर असतात. आत शिरून ड्रेकटने सर्व इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवा. बूट झालं पण नेटवर्क नाही, तर इंटरफेसचं नाव बघा. व्हीएमवेअरमधलं ईएनएस१९२ इथे बहुधा ईएनएस१८ होतं आणि जुनी सेटिंग अनाथ राहते.

प्रोसेसरचा प्रकार ‘होस्ट’ ठेवला आणि नोड वेगवेगळ्या पिढ्यांचे असले तर लाइव्ह मायग्रेशनमध्ये (चालू व्हीएम दुसऱ्या नोडवर नेताना) व्हीएम कोसळते. सगळ्यात जुन्या नोडला झेपेल तो समान प्रकार निवडा. उलट टोकही नको. रेड हॅट ९ला एक्स८६-६४-व्ही२ ही प्रोसेसरची पातळी आणि १०ला व्ही३ लागतं. जुना केव्हीएम६४ प्रकार दिला तर ते बूटच होत नाही.

डोमेन कंट्रोलर (विंडोज नेटवर्कची लॉगिनं सांभाळणारा सर्व्हर) हलवूच नका. नव्या जागी नवा उभा करा, डेटा जुळू द्या, भूमिका हलवा आणि जुना रीतसर काढा. सगळ्या व्हीएमची वेळही तपासा. व्हीएमवेअर टूल्सच्या भरवशावर घड्याळ चालवणाऱ्या व्हीएम आता एनटीपी या वेळ जुळवणाऱ्या सेवेवर न्याव्या लागतात.

बॅकअप सगळ्यात शेवटी आठवणं

पहिली व्हीएम हलण्याआधी नव्या बाजूचा बॅकअप चालू हवा आणि त्यातून एकदा रिस्टोअर करून बघितलेलं हवं. वीम या बॅकअप सॉफ्टवेअरने २०२४मध्ये १२.२ आवृत्तीत प्रॉक्समॉक्सचा आधार दिला. तुमचं सॉफ्टवेअर त्याहून जुनं असेल तर अपग्रेड आधी. प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा बॅकअप सर्व्हरही भक्कम आहे, फक्त तो साध्या फिरत्या डिस्कवर बसवू नका. डेटा लाखो लहान तुकड्यांत राहतो आणि पडताळणी व सफाईच्या वेळी त्या डिस्क दम तोडतात. व्हीएम बंद करून पुन्हा सुरू केली की बदलांची नोंद पुसली जाते आणि पुढचा बॅकअप पूर्ण डिस्क वाचतो. सगळ्या व्हीएमना एकाच रात्री पॅच लावून बंद-चालू केलं तर सकाळपर्यंत बॅकअप का चालला, याचं उत्तर हे आहे.

जुन्या बॅकअपचं काय करायचं तेही ठरवा. कंपनी कायदा २०१३च्या कलम १२८ नुसार हिशोबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो. पाच वर्षांपूर्वीची टेप किंवा फाइल व्हीएमवेअरशिवाय उघडते का, हे होस्ट विकण्याआधी तपासा. उघडत नसेल तर त्यातला लेखा डेटा फाइलींच्या रूपात बाहेर काढून ठेवा.

‘जुन्यावरच थांबू, पॅचशिवाय’

परवाना कायमस्वरूपी आहे म्हणून जुना ईएसएक्सआय चालू ठेवण्याचा पर्याय बरेच जण निवडतात. फेब्रुवारी २०२३मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स या रॅन्समवेअरने जगभरचे हजारो होस्ट लॉक केले, ते मुख्यतः फेब्रुवारी २०२१मध्येच पॅच आलेल्या दोषामुळे. मार्च २०२५मध्ये व्हीएममधून होस्टमध्ये शिरता येईल असे तीन दोष जाहीर झाले, तेही प्रत्यक्ष वापरात असलेले. थांबायचंच असेल तर व्यवस्थापनाचं नेटवर्क पूर्ण वेगळं करा, ४२७ पोर्टवरची एसएलपी सेवा बंद करा, होस्टचा एसएसएच (दूरून लॉगिन) बंद ठेवा आणि थांबण्याची शेवटची तारीख लेखी ठरवा.

परतीची वाट न ठेवणं

हलवलेली जुनी व्हीएम लगेच पुसू नका, पण तिचं नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करून ठेवा. होस्ट रीस्टार्ट झाल्यावर ती आपोआप सुरू झाली तर एकाच आयपीवर दोन सर्व्हर उभे राहतात आणि अर्धे व्यवहार जुन्यात जातात. ऑटोस्टार्टच्या यादीतूनही काढा.

परत फिरण्याची मुदत आधी ठरवा, उदाहरणार्थ कटओव्हरनंतरचे (नव्या बाजूवर काम सुरू केल्यानंतरचे) दोन तास. या वेळात विभागप्रमुखाने एक बिल, एक अहवाल आणि एक छपाई करून बघायची. मुदत उलटली आणि नव्या बाजूला नोंदी सुरू झाल्या की मागे जाणं म्हणजे त्या नोंदी हाताने पुन्हा भरणं. त्यानंतर दोष नव्या बाजूलाच दुरुस्त करायचा. व्हीएमवेअरची वर्गणी संपण्याची तारीख आणि शेवटची व्हीएम हलण्याची तारीख यांत किमान एक महिनाअखेर पडेल असं वेळापत्रक लावा, आणि जुना अ‍ॅरे किंवा होस्ट त्याआधी कोणालाही विकू नका.